तक्षशिला : एका विद्यानगरीचा उदय आणि अस्त

महाराष्ट्रातील अनेक मंदिरांतून चातुर्मासात श्रीधरस्वामींच्या ‘पांडवप्रताप’ ग्रंथाचे वाचन होते. जनमेजय राजा प्रश्न विचारतो आणि वैशंपायन ऋषी कथा सांगतात, हा महाभारताचा प्रारंभ भाविकांच्या कानांवर लहानपणापासून पडलेला असतो. परंतु हा संवाद ज्या नगरीशी निगडित आहे, तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. ती नगरी म्हणजे गांधार देशातील तक्षशिला. कथाश्रवण व सर्पसत्र आटोपल्यानंतर जनमेजय तक्षशिलेहून हस्तिनापुरास परतला, असा उल्लेख महाभारताच्या शेवटी, स्वर्गारोहण पर्वात येतो. त्यामुळे महाभारताचे पहिले जाहीर कथन तक्षशिलेस झाले, अशी परंपरेची श्रद्धा आहे.

सुमारे एक सहस्र वर्षे या नगरीचे नाव विद्येशी जोडलेले होते. काशी, राजगृह, मिथिला, उज्जयिनी अशा दूरदूरच्या नगरांतून विद्यार्थी पायी चालत तेथे जात. पुढे ती नगरी ओस पडली आणि तिचे स्थानही लोकांच्या विस्मरणात गेले. तिचा उत्कर्ष कशामुळे झाला, ती का लोपली आणि तिच्यातून काय टिकून राहिले, याचा परिचय या लेखात करून दिला आहे.

नगरीचे स्थान

तक्षशिलेचे अवशेष आज पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात, रावळपिंडी शहराच्या वायव्येस सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर आहेत. मारगल्ला डोंगराच्या पलीकडे हरो नदीच्या पाण्याने समृद्ध झालेले हे खोरे आहे. सिंधू नदी येथून पश्चिमेस फार दूर नाही.

प्राचीन काळी तीन मोठे व्यापारी मार्ग येथे एकत्र येत. पहिला मार्ग गंगेच्या खोऱ्यातून येणारा उत्तरापथ, दुसरा बाल्हिक देशातून पुष्कलावतीमार्गे येणारा आणि तिसरा काश्मीर व मध्य आशियाकडून उतरणारा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर वैद्य, ज्योतिषी, कारागीर, साधू आणि विद्यार्थीही प्रवास करीत. मार्ग सुरक्षित असल्याने विद्यार्थी येऊ शकत आणि नगर संपन्न असल्याने आचार्यांचा योगक्षेम चाले. नगरीच्या उदयाचे हे पहिले कारण होय. पुढे तिच्या अस्तामागेही या मार्गांचाच मोठा भाग होता.

रामायण व महाभारतातील उल्लेख

वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात या नगरीच्या स्थापनेची कथा आहे. भरताचा मामा, केकय देशाचा राजा युधाजित, याच्या निरोपावरून श्रीरामांनी भरतास गंधर्वांच्या देशावर पाठविले. विजयानंतर भरताने तेथे दोन नगरे वसविली. तक्ष नावाच्या पुत्रास तक्षशिला दिली आणि पुष्कल नावाच्या पुत्रास पुष्कलावती दिली. पुष्कलावती म्हणजे पेशावरजवळचे आजचे चारसद्दा.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाने तक्षशिला जिंकल्याचा उल्लेख आहे. तो विजय संपादून परतल्यावर उत्तंक ऋषी त्याच्याकडे आले, त्यांनी परीक्षित राजाच्या मृत्यूचे स्मरण करून दिले आणि त्यातून सर्पसत्राचा संकल्प झाला. या महाग्रंथाच्या हस्तलिखितांची तुलना करून चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात पार पाडले. गांधार देशात सांगितल्या गेलेल्या कथेचा पाठ निश्चित करण्याचे काम महाराष्ट्रभूमीत झाले, ही मराठी जनांस अभिमानाची गोष्ट आहे.

विद्यार्जनाची रीत

तक्षशिलेचा उल्लेख होताच भव्य इमारती, सभागृहे व ग्रंथालये असलेले विद्यापीठ डोळ्यांसमोर येते. विद्यार्थ्यांची संख्या इतकी होती, विषय इतके होते, असे ठाम आकडेही अनेकदा सांगितले जातात. अशा आकड्यांना प्राचीन ग्रंथांचा किंवा उत्खननाचा आधार मिळत नाही. तक्षशिलेत एका छत्राखाली चालणारी, एका कुलपतीच्या आज्ञेतील संस्था असल्याचे दिसत नाही. नगरात अनेक आचार्य राहत असत. प्रत्येक आचार्याचे घर हेच गुरुकुल आणि तोच तेथील अभ्यासक्रम ठरवीत असे. अशा कित्येक गुरुकुलांनी मिळून ती विद्यानगरी बनली होती.

पाली भाषेतील जातककथांत या गुरुकुलांचे वर्णन पुष्कळदा येते. या कथा पुढील काळात ग्रथित झाल्या असल्या, तरी त्यांतून लोकांच्या स्मृतीतील तक्षशिला स्पष्ट दिसते. प्रारंभिक शिक्षण घरी झाल्यावर सोळाव्या वर्षाच्या सुमारास विद्यार्थी तेथे जाई. तीन वेद आणि अठरा शिल्पे हा तेथील अभ्यासाचा ठरलेला निर्देश आहे. शिल्पे म्हणजे धनुर्विद्या, वैद्यक, हस्तिविद्या यांसारख्या व्यवहारोपयोगी विद्या. एका प्रसिद्ध आचार्याजवळ पाचशे शिष्य असत, असे या कथा सांगतात. त्यातील संख्या पारंपरिक मानली, तरी आचार्यांची कीर्ती दूरवर पसरलेली होती, हे तिच्यावरून समजते.

दक्षिणेची रीतही या कथांत दिली आहे. सधन घरचा विद्यार्थी आरंभीच एक हजार नाणी आचार्यांपुढे ठेवी आणि गुरुगृही ज्येष्ठ पुत्रासारखा राहून शिके. ज्याच्यापाशी धन नसे, तो दिवसा गुरुगृहीची कामे करी आणि रात्री पाठ घेई. अध्ययन पूर्ण झाल्यावर दक्षिणा आणून देण्याच्या वचनावरही काहींना प्रवेश मिळे. अशा एका विद्यार्थ्याने नंतर भिक्षा मागून सोने जमविले, ते गंगेत बुडाले आणि अखेर वाराणसीच्या राजाने त्याची गुरुदक्षिणा भरून दिली, अशी एक कथा आहे. दुसऱ्या एका कथेत वाराणसीचे नागरिक गरीब मुलांना रोजचे अन्न देऊन विनामूल्य शिकवण्याची व्यवस्था करीत, असे म्हटले आहे. विद्यादान आणि अन्नदान यांची सांगड आपल्या समाजात किती जुनी आहे, हे यावरून दिसून येते.

तिळांची मूठ

गुरू व शिष्य यांच्या नात्याविषयीची एक जातककथा विशेष बोधप्रद आहे. वाराणसीच्या राजाने आपल्या सोळा वर्षांच्या राजपुत्रास साध्या पादुका, पानांची छत्री आणि एक हजार नाणी देऊन तक्षशिलेस पाठविले. राजवाड्यातील सुखाचा अभिमान गळावा आणि थंडी-ऊन सोसण्याची सवय व्हावी, हा त्यामागील हेतू होता.

एके दिवशी राजपुत्र आचार्यांबरोबर स्नानास जात असता वाटेत एक वृद्ध स्त्री तीळ वाळवीत बसली होती. राजपुत्राने मूठभर तीळ उचलून खाल्ले. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच केले. वृद्धेने काहीच म्हटले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तिने आचार्यांकडे गाऱ्हाणे नेले. आचार्य तिळांची किंमत देऊ लागले, तेव्हा ती म्हणाली की किंमत नको, पण याने पुन्हा असे करू नये एवढे पाहा. आचार्यांनी राजपुत्रास काठीचे तीन तडाखे दिले.

राजपुत्राने तो राग मनात धरला. राजा झाल्यावर सूड घेण्याच्या हेतूने त्याने आचार्यांस बोलावून घेतले आणि भर सभेत मृत्यूची धमकी दिली. आचार्य शांतपणे म्हणाले की त्या दिवशी शासन झाले नसते, तर तिळांवरून खाऊ-फळांवर, त्यांवरून मोठ्या चोऱ्यांवर तुझा हात गेला असता आणि हे सिंहासन तुला कधीच लाभले नसते. राजा वरमला. त्याने क्षमा मागितली आणि आचार्यांस कुटुंबासह बोलावून पुरोहितपद दिले. राजपुत्र असो वा सामान्य, गुरुगृही नियम एकच असे. विद्यार्थ्यांना शिक्षा करण्याची जुनी पद्धत आज कोणी स्वीकारणार नाही. तथापि एका गरीब वृद्धेचे गाऱ्हाणे राजपुत्राच्या विरुद्ध ऐकले जाणे, हे त्या गुरुकुलाचे खरे मोठेपण होते.

वैद्य जीवक

तक्षशिलेच्या वैद्यकीय परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नाव जीवक याचे. त्याची हकीकत पाली विनयपिटकातील ‘महावग्ग’ या ग्रंथात आली आहे. राजगृहात जन्मताच टाकून दिलेल्या या बालकास अभय नावाच्या राजपुत्राने वाढविले. आपल्याला आईबाप नाहीत, तेव्हा काही विद्या हाती असल्याखेरीज राजवाड्यात निभाव लागणार नाही, हे ओळखून तो तक्षशिलेस गेला आणि एका विख्यात वैद्याजवळ सात वर्षे शिकला.

आपल्या शिक्षणाचा शेवट केव्हा, असे त्याने विचारले तेव्हा आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ दिली. तक्षशिलेभोवती एक योजन परिसर फिरून औषधी नसलेली जी वनस्पती आढळेल ती घेऊन ये, अशी आज्ञा झाली. जीवक सर्वत्र फिरून रिकाम्या हाताने परतला आणि म्हणाला की औषधी नाही असे काहीच दिसले नाही. तीच त्याची अंतिम परीक्षा ठरली. आचार्यांनी त्यास थोडी शिदोरी देऊन निरोप दिला.

शिदोरी वाटेत साकेत नगरात संपली. तेथे एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे मस्तकशूळाने पीडित होती. जीवकाने औषधी तूप नाकावाटे देऊन तिला बरे केले आणि मिळालेले द्रव्य राजगृहास परतून अभय राजपुत्रापुढे ठेवले. पुढे तो मगधनरेश बिंबिसाराचा आणि गौतम बुद्धांचा वैद्य झाला. तक्षशिलेची विद्या अशा रीतीने शेकडो कोस दूर मगधात पोहोचली.

पाणिनी आणि चाणक्य

संस्कृत व्याकरणाचे महर्षी पाणिनी यांचे गाव शलातुर. ते सिंधू नदीच्या पश्चिम बाजूस, तक्षशिलेपासून फार दूर नसलेल्या प्रदेशात होते. सुमारे ४००० सूत्रांच्या ‘अष्टाध्यायी’त त्यांनी संस्कृत भाषेची संपूर्ण रचना बांधून दाखविली. चौथ्या अध्यायातील एका सूत्रात तक्षशिलेचे नाव येते. तेथील रहिवाशास ‘ताक्षशिल’ म्हणावे, हा त्याचा विषय आहे. पाणिनी तक्षशिलेत शिकले किंवा शिकवीत होते असे परंपरा सांगते. त्यांच्या काळी ती नगरी सुप्रसिद्ध होती, एवढे तर त्या सूत्रावरूनच सिद्ध होते.

आर्य चाणक्य तक्षशिलेचे रहिवासी होते, असे बौद्ध परंपरेत सांगितले जाते. चंद्रगुप्त मौर्यास त्यांनी याच नगरीत घडविले, ही कथा सर्वांना परिचित आहे.

राजसत्तांची आवर्तने

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस गांधार प्रदेश इराणच्या हखामनी साम्राज्यात होता. सम्राट दारयवहुच्या शिलालेखांत त्याचे नाव येते. या संपर्कातून अरामी लिपी येथे आली आणि तिच्या प्रभावातून उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी खरोष्ठी लिपी घडली. इ.स.पू. ३२६ मध्ये ग्रीक सम्राट सिकंदर तक्षशिलेस पोहोचला तेव्हा तेथील राजा आंभीने युद्ध न करता त्याचे स्वागत केले. सिकंदराबरोबर आलेल्या ग्रीकांनी नगराबाहेर तप करणाऱ्या साधूंविषयी आश्चर्याने लिहून ठेवले आहे. त्यांपैकी कालानोस नावाचा साधू सिकंदराबरोबर गेला. त्यांच्यातील ज्येष्ठ दंडमिस याने मात्र, आपणास सिकंदराकडून काही नको आणि त्याचे भयही नाही, असे सांगून जाण्यास नकार दिला.

त्यानंतर नगरी मौर्यांच्या साम्राज्यात आली. बिंदुसाराच्या कारकिर्दीत येथे बंड झाले आणि राजपुत्र अशोकास तेथे पाठविण्यात आले. ‘दिव्यावदान’ या ग्रंथाच्या सांगण्यानुसार नागरिकांनी मार्गापर्यंत सामोरे येऊन त्याचे स्वागत केले आणि आपला विरोध राजाशी किंवा राजपुत्राशी नसून प्रजेचा अवमान करणाऱ्या दुष्ट अमात्यांशी आहे, असे निवेदन केले. या नगरीच्या नागरिकांचा स्वाभिमान या प्रसंगातून दिसतो.

मौर्यांनंतर ग्रीक, शक, पार्थियन आणि कुषाण राजे आले. जुन्या भीड टेकडीवरील वाकड्यातिकड्या गल्ल्यांच्या नगराशेजारी ग्रीकांच्या काळात सिरकप हे सरळ रस्त्यांचे तटबंदीयुक्त नगर वसले. कुषाणांनी त्याच्या ईशान्येस सिरसुख हे तिसरे नगर बांधले. आसपास धर्मराजिका, मोहरा मोरादू, जौलियान असे स्तूप व विहार उभे राहिले. सत्ता बदलत राहिल्या, तरी प्रत्येक नवा राज्यकर्ता काही काळाने येथील भाषा, देवता आणि दानधर्म यांचा स्वीकार करी. त्यामुळे कित्येक शतके विद्येचा प्रवाह खंडित झाला नाही.

तक्षशिलेचा भागवत : हेलिओडोरस

या स्वीकाराचे सर्वांत सुंदर उदाहरण मध्य प्रदेशात विदिशेजवळ, सांचीपासून थोड्याच अंतरावर, बेसनगर येथे आजही उभे आहे. हा एक दगडी स्तंभ आहे. स्थानिक लोक त्यास ‘खांब बाबा’ म्हणून पूजीत आणि शेंदूर लावीत. शतकानुशतकांच्या शेंदुराच्या थराखाली लेख असल्याचे १९०९ च्या सुमारास लक्षात आले.

ब्राह्मी लिपीतील हा लेख इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरचा आहे. देवदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज हेलिओडोरसने उभारला, असे त्यात सांगितले आहे. हेलिओडोरस हा दियोनचा पुत्र, तक्षशिलेचा रहिवासी आणि ग्रीक राजा अंतलिकित याचा राजदूत होता. तो विदिशेच्या भागभद्र राजाकडे आला होता आणि लेखात तो स्वतःस ‘भागवत’ म्हणवितो. दम, त्याग आणि अप्रमाद, म्हणजे इंद्रियनिग्रह, दान आणि सावधपणा, या तीन गोष्टींचे नीट आचरण स्वर्गास नेते, असा आशयही लेखात आहे.

१९१३ ते १९१५ या काळात प्रसिद्ध पुरातत्त्वज्ञ देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी येथे उत्खनन केले. पुढे १९६० च्या दशकातील उत्खननात स्तंभालगत एका फार प्राचीन देवालयाचा पाया उघडकीस आला. वासुदेवाच्या उपासनेचा हा सर्वांत जुन्या शिलालेखीय पुराव्यांपैकी एक आहे आणि तो तक्षशिलेच्या एका ग्रीक रहिवाशाने मागे ठेवला आहे. वैष्णव भाविकांनी विदिशेस गेल्यास या स्तंभाचे दर्शन अवश्य घ्यावे.

नगरीचा अस्त

तक्षशिला एका दिवसात नष्ट झाली नाही. कुषाणांच्या काळात राजवैभवाचे केंद्र पुरुषपुर, म्हणजे आजचे पेशावर, येथे गेले. इसवी सन ४०० च्या सुमारास भारतात आलेल्या फाहियान या चिनी यात्रेकरूच्या वृत्तांतात तक्षशिलेचा उल्लेख एक पवित्र स्थान म्हणून येतो. विद्याकेंद्र म्हणून तिचे वर्णन त्याने केलेले नाही.

पाचव्या शतकात मध्य आशियातून हूण टोळ्या गांधारात उतरल्या. जौलियान येथील विहारात जळालेल्या भूर्जपत्राच्या पोथीचे अवशेष उत्खननात सापडले. जळून काळ्या झालेल्या त्या पानांवरील अक्षरे हा त्या काळाचा फार करुण साक्षीदार आहे. उत्खनन करणारे जॉन मार्शल यांनी नगरीच्या नाशाचा दोष हूणांस दिला. पुढील संशोधकांनी ही कारणे अधिक व्यापक असल्याचे दाखविले. काही विहारांतून त्यानंतरही वस्ती व बांधकाम चालू होते. व्यापाराचे मार्ग बदलले, स्थिर राजसत्ता उरली नाही, दाते विखुरले आणि आचार्य अन्यत्र गेले. परचक्राचा घाव तर झालाच, परंतु तो भरून काढण्याचे बळ नगरीत राहिले नव्हते.

सातव्या शतकात, ६३० च्या सुमारास, ह्युएन त्संग तेथे पोहोचला. भूमी सुपीक आहे, झरे आणि फुलेफळे विपुल आहेत, असे त्याने लिहिले. परंतु विहार पुष्कळ असूनही बहुतेक मोडकळीस आले होते आणि भिक्षू फारच थोडे उरले होते. राजवंश संपला होता, स्थानिक सरदार एकमेकांशी झगडत होते आणि प्रदेश काश्मीरच्या अंकित झाला होता. भूमी आणि पाणी पूर्वीसारखेच असताना नगरी मात्र उजाड झाली होती. याच ह्युएन त्संगाने पुढे नालंदेत राहून अध्ययन केले. विद्येचे केंद्र तोपर्यंत पूर्वेकडे सरकले होते.

नालंदेची व्यवस्था निराळी होती. तेथे राजांनी गावांचे उत्पन्न लावून दिले होते. इत्सिंग या यात्रेकरूने अशा गावांची संख्या २०० हून अधिक दिली आहे. तक्षशिलेच्या विखुरलेल्या गुरुकुलांस असा कायमचा आधार असल्याचे दिसत नाही. तरीही नालंदेचा शेवट बाराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या आक्रमणांच्या काळात झाला, हेही विसरून चालणार नाही. गावांचे उत्पन्न संस्थेस दीर्घायुष्य देऊ शकते, परंतु तेवढ्याने ती अमर होत नाही.

विस्मृती आणि पुनःशोध

तक्षशिलेची खरोष्ठी लिपी काळाच्या ओघात पूर्णपणे विस्मृतीत गेली. ती वाचू शकेल असा एकही मनुष्य उरला नाही. १८३० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप आणि अन्य विद्वानांनी ग्रीक राजांची दुभाषी नाणी ताडून पाहिली आणि ती पुन्हा वाचली. नगरीचे स्थान अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६३–६४ मध्ये शाहढेरी गावाजवळच्या अवशेषांवरून निश्चित केले. त्यासाठी त्यांना प्राचीन ग्रीक व चिनी वृत्तांतांतील अंतरांचा उपयोग झाला. जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ अशी वीसहून अधिक वर्षे येथे उत्खनन केले. १९८० मध्ये युनेस्कोने या अवशेषांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

याच भूमीत १९४४ मध्ये एक विलक्षण योग आला. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मॉर्टिमर व्हीलर यांनी तरुण अभ्यासकांस उत्खननशास्त्र शिकविण्यासाठी तक्षशिलेत प्रशिक्षण वर्ग भरविला. देशाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी आले आणि तंबूंत राहून शिकले. ज्या मातीत दीड हजार वर्षांपूर्वी पाठ थांबले होते, तेथे पुन्हा गुरू आणि शिष्य एकत्र बसले. व्हीलर यांच्या हाताखाली तक्षशिलेत शिकलेल्यांपैकी एक म्हणजे ब्रजवासी लाल. त्यांनी पुढे १९५० ते १९५२ मध्ये हस्तिनापूर येथे उत्खनन केले. जनमेजय ज्या वाटेने तक्षशिलेहून हस्तिनापुरास परतला असे महाभारत सांगते, त्या दोन स्थानांचा संबंध असा पुन्हा एकदा जुळून आला.

काय टिकले ?

तक्षशिलेच्या तटबंदी ढासळल्या आणि सिरकपच्या हवेल्यांचे केवळ पाये उरले. नाणी मातीखाली गेली आणि लिपीही वाचेनाशी झाली. परंतु ‘अष्टाध्यायी’ची सूत्रे एका पिढीने दुसऱ्या पिढीस मुखोद्गत करून दिली आणि ती आजही पाठशाळांतून म्हटली जातात. महाभारताची कथा गावोगावच्या मंदिरांतून ऐकली जाते. आपल्याला औषधी नसलेली वनस्पती आढळली नाही, हे जीवकाचे उत्तर वैद्य लोक आदराने सांगतात. जी विद्या शिष्यांच्या मुखी आणि आचरणी गेली ती नगरी संपल्यावरही राहिली, असे हा इतिहास सांगतो.

विद्येस आश्रय देणाऱ्यांनीही यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तक्षशिलेस मोठे केले ते केवळ राजांनी नव्हे. रात्री शिकवणारे आचार्य, शिष्यास आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या गृहिणी, गरीब विद्यार्थ्याची दक्षिणा भरून देणारे सज्जन आणि मार्ग सुरक्षित राखणारे नागरिक, या सर्वांचा तिच्यात वाटा होता. हे हात जेव्हा एकेक करून दूर झाले, तेव्हा सुपीक भूमी आणि गोड पाण्याचे झरे असूनही ती नगरी उभी राहू शकली नाही.

हेलिओडोरसाच्या स्तंभावर सांगितलेले दम, त्याग आणि अप्रमाद हे तीन गुण विद्येच्या रक्षणासही तितकेच लागू पडतात. शिकणाऱ्याने संयम राखावा, समर्थाने दान करावे आणि सर्वांनी सावध असावे. एखाद्या गावात एक मूल जरी कोणाच्या आधाराने शिकत असेल, तरी तक्षशिलेची परंपरा तेथे चालू आहे असे समजावे.

॥ शुभं भवतु ॥